राहते की राहत आहे

सुनेच्या बाळंतपणासाठी बायको मुलाकडे परदेशी निघाली, तेव्हा "बाळानं मान धरली की येते" असं सांगून गेली होती. बाळानं मान धरली. मग ते पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, मग सुनेची रजा संपली, मग पाळणाघरात जागा मिळेना, मग तिकडे थंडी फार पडली. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. आता ते बाळ घरभर धावत होतं, सगळे त्याला ठकी म्हणत होते, आणि बायको अजून तिथेच होती.

नवरा इकडे शिलाई मशीनचा मेकॅनिक होता. कपडे शिवण्याच्या कारखान्यात त्याची सगळी उमर गेली होती. लांबलचक हॉल, मशीनच्या दोन रांगा, डोक्यावर लटकलेल्या ट्यूबलाइट आणि हवेत सतत उडणारे कापसाचे तंतू. टाका सुटला, दोरा तुटला, सुई वाकली की एखाद्या रांगेतून शिवणाऱ्या बाईची हाक यायची, "मेकॅनिककाका!" मग खिशात स्क्रूड्रायव्हर आणि हातात लांब चोचीची तेलाची बाटली घेऊन तो "आलो, आलो" करत निघायचा. दिवसभर त्याला कुणी ना कुणी हाक मारत असे. पण त्या हाका मशीनसाठी असत. मशीन चालू झालं की बाईची मान पुन्हा खाली जायची आणि तो तिथे नुसताच उभा राहायचा.

घरी आल्यावर कुलूप काढून दिवा लावला की सकाळी ठेवलेला कप सकाळी ठेवला तिथेच असायचा. घरातल्या वस्तू आपण होऊन हलत नाहीत, ही गोष्ट त्याला या वयात कळली. टॉवेल दोरीवर टाकला तर तो आठवडाभर दोरीवरच राहतो. साखर संपली तर संपते, डबा आपोआप भरत नाही. तो भात लावायचा, अंडं उकडायचा आणि उभ्याउभ्याच जेवायचा. ताट काढून एकट्यानं बसणं त्याला जड जायचं. पंखा खडखडायला लागला की तो पंख्याला म्हणायचा, "काय रे, काय झालं तुला?" आणि मग आपल्याच आवाजानं दचकायचा.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. कामावर निघायच्या आधी तो फोन उभा करून ठेवायचा आणि पडद्यावर ठकीचं अर्धं कपाळ दिसायचं. ती भराभर इंग्रजीत काहीतरी बोलून पळून जायची.

"काय म्हणाली?" तो विचारायचा.

"म्हणाली, आजोबांचं नाक मोठं आहे," बायको सांगायची.

"तिला सांग, नाक तिच्या बापाचंही तसंच आहे."

बायको सांगायची. पण तोवर ठकी दुसऱ्या खोलीत गेलेली असायची, आणि विनोद शिळा व्हायचा.

मुलगा मागे लागला होता. "बाबा, तुम्ही या की थोडे दिवस. व्हिसाच्या मुलाखतीत इंग्रजीतून चार प्रश्न विचारतात, तेवढी तयारी करा. आणि ठकीशी बोलता तरी येईल."

म्हणून त्यानं क्लास लावला.

क्लास एका इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खालून गरम कापडाचा वास यायचा. खोलीत फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शिकवणाऱ्या मॅडम. मॅडम चाळिशीच्या, अंगानं बारीक, बोलायला लागल्या की हातवारे करणाऱ्या. शिकायला एक नर्स होती, एक ट्रक चालवणारा होता आणि हा. नर्सला परदेशी नोकरी हवी होती, ट्रकवाल्याला तिकडे ट्रक चालवायचा होता. मेकॅनिकला कारण विचारल्यावर त्यानं "नात" एवढंच सांगितलं.

पहिल्याच दिवशी ट्रकवाल्यानं विचारलं, "मॅडम, काळांचा तक्ता देणार ना? शाळेत पाठ केला होता, पार विसरलो."

"तक्ता नाही देणार," मॅडम म्हणाल्या. "शाळेत मी बरीच वर्षं तक्ताच शिकवला. मुलांना तक्ता यायचा, इंग्रजी यायचं नाही." आणि त्या चालत चालत खोलीच्या टोकाच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मी आत्ता तुमच्यापासून लांब आहे. इंग्रजीत ज्याला भूतकाळ म्हणतात ना, तो म्हणजे हे. लांब. झालेली गोष्ट लांब गेलेली असते, म्हणून तिला हे रूप. पण झालेलीच गोष्ट लांब असते असं थोडंच आहे?"

"म्हणजे?" नर्सनं विचारलं.

"तुम्ही डॉक्टरांकडे रजा मागायला जाता तेव्हा काय म्हणता?"

"सर, जरा विचारायचं होतं."

"विचारायचं आत्ता आहे ना? मग 'होतं' का?"

नर्सनं वहीतून मान वर केली.

"दोन पावलं मागे सरून बोलतो आपण. समोरच्याच्या अंगावर जायला नको म्हणून. इंग्रजीतही तसंच, 'आय वॉन्टेड टु आस्क'. काळ मागचा नाही. माणूस मागे सरलाय."

मेकॅनिकला हे आवडलं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे बायका हाक मारतात तेव्हा मी जागेवरून उठलेलाही नसतो, तरी ओरडतो, आलो, आलो."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "ते तुम्ही उलटं करता, काका. न झालेली गोष्ट झाली म्हणून टाकता. समोरच्याला धीर यावा म्हणून."

त्या दिवशी घरी जाताना तो बऱ्याच दिवसांनी कुठल्यातरी गोष्टीचा विचार करत चालला. एरवी तो चालताना नुसता चालायचा.

पुढच्या आठवड्यात घरच्या माणसांबद्दल वाक्यं करायची होती. मेकॅनिक उठला आणि शाळेतल्या मुलासारखा हात बांधून म्हणाला, "माय वाइफ इज लिव्हिंग विथ माय सन."

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता मला सांगा, 'इज लिव्हिंग' का म्हणालात? 'लिव्हज' का नाही?"

"दोन्हीचा अर्थ एकच ना? राहते."

मॅडमनी त्याला दारात नेऊन उभं केलं. "आत या. आता तुम्ही खोलीच्या आत आहात. खोली कुठे सुरू होते, कुठे संपते, हे तुम्हाला एका नजरेत दिसत नाही, पण भिंती आहेत हे माहीत आहे. 'इज लिव्हिंग' म्हणजे असं. गोष्ट चालू आहे, आपण तिच्या आत आहोत, कधीतरी सुरू झाली, कधीतरी संपणार. आता बाहेर जिन्यात जा आणि तिथून बघा. बाहेरून अख्खी खोली एक वस्तू वाटते की नाही? हलत नाही, बदलत नाही. 'लिव्हज' म्हणजे ते. ती तिथली झाली. तिचं घर ते."

मेकॅनिक जिन्यात उभा राहून आत बघत होता. आत नर्स वहीत काहीतरी लिहीत होती.

"परत येणार आहेत ना त्या?" मॅडमनी विचारलं.

"हो, येणार आहे."

"मग तुमचंच बरोबर. इज लिव्हिंग."

तो येऊन खुर्चीवर बसला. आपलं उत्तर बरोबर आलं याचा आनंद त्याला खरं तर चेहऱ्यावर दाखवायचा नव्हता, पण ट्रकवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग तो कामावरही हे सगळं करून बघू लागला. कुणाचा दोरा तुटला की तो म्हणायचा, "द थ्रेड हॅज ब्रोकन." बायकांना मजा वाटायची. एकजण म्हणाली, "काका, साहेबाच्या भाषेत बोललं की मशीन लवकर चालू होतं का?" तो तिला समजावायला लागला. नुसतं 'ब्रोक' म्हटलं तर दोरा कधीतरी तुटला, झालं गेलं. 'हॅज ब्रोकन' म्हणजे तुटलाय, टोक अजून हातात आहे, काम अडलंय. मॅडमनी ते मराठीतूनच सांगितलं होतं. 'आई बाजारात गेली' ही बातमी झाली. 'आई बाजारात गेलीय' म्हटलं की आईची रिकामी जागा घरात दिसते. हे सांगताना तो मध्येच थांबला.

"मग?" ती बाई म्हणाली.

"मग काही नाही. घाल दोरा," तो म्हणाला.

पावसाळा लागायच्या सुमारास एका सकाळी फोन चालू असताना तिकडे दारावरची घंटा वाजली. बायको फोन तसाच ओट्यावर ठेवून गेली. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि आवाज ऐकू येत होते. कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती. मग बायकोचा आवाज आला. न अडखळता, जरा मोठ्यानं, अगदी घरच्या बाईच्या आवाजात ती म्हणाली, "यस, यस. आय लिव्ह हिअर."

ती परत आली आणि म्हणाली, "पार्सल होतं. कुरियरवाला शेजारी टाकून गेला होता मेला. हं, काय सांगत होते मी?"

ती काय सांगत होती ते मेकॅनिकला आठवेना. त्यानं कामाला उशीर होतोय असं सांगून फोन ठेवला. उशीर होत नव्हता. तो बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला आणि मग खरंच उशीर झाला.

क्लासच्या दिवशी तो मुद्दाम लवकर गेला. मॅडम फळा पुसत होत्या.

"मॅडम, समजा एक माणूस आहे. तो थोड्या दिवसांसाठी कुठेतरी गेलाय. आणि तो म्हणाला, 'आय लिव्ह हिअर'. तर काय समजायचं?"

मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. कोण माणूस, हे त्यांनी विचारलं नाही. "त्या माणसाला 'आय अ‍ॅम लिव्हिंग' म्हणता येतं का? म्हणजे, दोन्ही येत असून त्यानं एक निवडलं, की एकच येतं म्हणून ते म्हटलं? एकच येत असेल तर त्यावरून काही समजू नये. अर्धी भाषा येणाऱ्याच्या शब्दाला काट्यावर तोलायचं नसतं."

"ते मला माहीत नाही," मेकॅनिक म्हणाला. "इथे असताना तिला इंग्रजी यायचं नाही. किती आलंय आता, मी कधी विचारलं नाही."

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेल्या बाईला काय येतं आणि काय येत नाही, हे आता त्याला सांगता येत नव्हतं.

"मग व्याकरणाला कशाला विचारताय, काका?" मॅडम हळूच म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

रविवारी त्यानं फोन लावला तेव्हा बायको एकटीच होती. मुलगा, सून, ठकी बाहेर गेली होती. ती स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती.

"अगं, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"तू तिथे राहतेस, की राहत आहेस?"

ती हसायला लागली. "क्लासात गृहपाठ दिलाय वाटतं."

"नाही. मीच विचारतोय."

"मग सरळ विचारा. कोड्यात कशाला?"

"परवा त्या बाईला तू म्हणालीस, आय लिव्ह हिअर."

"अहो, ती विचारत होती, तुम्ही पाहुण्या आहात का म्हणून. पाहुणी म्हटलं असतं तर पार्सल हातात दिलं नसतं तिनं."

मेकॅनिकला एकदम हलकं वाटलं. तोही हसला. विषय तिथेच संपला असता. पण बायको हसत नव्हती. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि फडक्यानं ओटा पुसायला लागली. तीच ती जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मी काम करते इथे. पाळणाघरात. ठकी जाते ना, तिथेच. सकाळची वेळ असते माझी."

"कधीपासून?"

"थंडी सरली तेव्हापासून. तुम्हाला सांगणार होते."

सांगणार होते. हे कळायला त्याला कुठल्या क्लासची गरज नव्हती. सांगायचं तिच्या मनात होतं, आणि मग तिनं ते लांब ठेवून दिलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, येणार कधी."

"येणार कधी?"

तिनं फडकं पिळून नळावर टाकलं आणि फोनसमोर स्टूल ओढून बसली. पहिल्यांदाच तिचा चेहरा पडद्यात नीट मधोमध दिसला. तिनं केस कापले होते. कधी कापले, त्याला आठवेना.

"मला इथे बरं वाटतं हो. तुम्हाला राग येईल."

"नाही येत राग."

"तिथे मी काय करायचे, माहीत आहे तुम्हाला? तुम्ही गेलात की भांडी, कपडे. मग गॅलरीत बसायचे. खालून माणसं जायची यायची, मी बघायचे. तुम्ही यायचात, जेवायचात, पेपर वाचायचात. मी काही सांगायला लागले की 'हं' म्हणायचात. मग मीच थांबायचे. तुम्ही वाईट नव्हता. कधी ओरडला नाहीत, कशाला नाही म्हटलं नाहीत. पण दिवसदिवस माझ्या कानावर माझाच आवाज पडायचा नाही. कधी कधी मी कुकरशी बोलायचे, खोटं नाही सांगत."

मेकॅनिक ऐकत होता. बसायचे, बघायचे, थांबायचे. एका दिवसाची गोष्ट ती सांगत नव्हती. एकामागून एक ओवलेले कितीतरी दिवस ती सांगत होती, आणि त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी तो घरी आला होता, चपला काढल्या होत्या, हातपाय धुतले होते आणि त्याला काही दिसलं नव्हतं.

"मी पंख्याशी बोलतो," तो म्हणाला.

"काय?"

"इथे. पंखा खडखडतो, त्याच्याशी."

"मग आता कळलं असेल तुम्हाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं.

व्हिसाच्या मुलाखतीला त्यानं इस्त्रीवाल्याकडून शर्ट कडक करून घेतला. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी होता. बाहेर रांगेत लोक देवाचं नाव घेत होते, आणि आत त्याला विचारलं काय, तर बायको कुठे असते.

"शी लिव्हज विथ अवर सन," मेकॅनिक म्हणाला.

"आणि तुम्हीही तिथेच राहणार का?" अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं.

"नो सर. आय विल कम बॅक. आय हॅव वर्क हिअर."

अधिकाऱ्यानं पुढचं काही विचारलं नाही. दोन आठवड्यांनी पासपोर्ट व्हिसाचा शिक्का बसून घरी आला. मॅडमना त्यानं पेढ्यासारखं काहीतरी न्यायचं म्हणून बिस्किटांचा पुडा नेला. "काय विचारलं?" असं सगळ्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काही नाही, सोपं होतं." नर्स आणि ट्रकवाला त्याच्याकडे हेव्यानं बघत होते.

मुलाचं घर एकासारख्या एक घरांच्या ओळीत होतं. सकाळी सगळे भराभर निघून जायचे, मुलगा, सून, शेवटी ठकीचं बोट धरून बायको. दार बंद झालं की घरात फ्रीजचा आवाज तेवढा राहायचा. तो खिडकीशी बसायचा. रस्त्यानं क्वचित एखादं माणूस कुत्रं घेऊन जायचं. दुपारी बायको परत यायची तेव्हा तिच्या बोटांना रंग लागलेला असायचा आणि दारातूनच ती बोलायला लागायची. कोण रडलं, कोणी कुणाचा डबा खाल्ला, कुठल्या बाईंनी तिचं कौतुक केलं. तो वाट बघत असायचा, पण या सगळ्या माणसांना तो ओळखत नव्हता, त्यामुळे कुठे हसायचं ते त्याला उशिरा कळायचं.

एक दिवस ती त्याला पाळणाघर दाखवायला घेऊन गेली. रस्त्यात ती पुढे चालत होती. घरी असताना ती नेहमी त्याच्या दोन पावलं मागे असायची, भाजीची पिशवी घेऊन, आणि तो अधूनमधून मागे वळून "चल लवकर" म्हणायचा. इथे सिग्नलला ती थांबली आणि मागे न बघता तिनं त्याच्यासाठी हात मागे केला. त्यानं तो धरला. समोरून आलेल्या बाईला ती हात हलवून काहीतरी म्हणाली, ती बाई हसली. मेकॅनिकला बायकोचं वाक्य अर्धंच कळलं. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या की नव्हत्या, ते शोधायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

पाळणाघराच्या दारात मुलं तिच्या पायांना येऊन बिलगली. ठकीनं त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "दॅट्स माय आजोबा. ही केम ऑन अ प्लेन."

केम. आले, झालं. त्याला हसू आलं. ठकीच्या लेखी ही गोष्ट पूर्ण झालेली होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही इथेच राहा ना. काय ठेवलंय तिकडे?" सूनही म्हणाली. दोघं झोपायला गेल्यावर बायको म्हणाली, "मी तोंडदेखलं म्हणत नाही. खरंच राहा."

"मला माहीत आहे तू खरंच म्हणतेस," तो म्हणाला. "पण मी खिडकीत बसेन. दिवसभर. तुला ते बघवणार नाही. आणि मला तिकडे निदान मशीनसाठी का होईना, हाक मारतात."

तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मला यायला सांगा की मग."

"सांगू?"

ती बोटांवरचा रंग खरवडत राहिली.

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं बसल्याबसल्या, काही काम नसताना, तिनं हात ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर सगळे आले. ठकीला त्याच्या बॅगेवर बसायचं होतं. मुलानं पासपोर्ट कुठल्या खिशात ठेवलाय ते तीनतीनदा विचारलं. सुनेनं प्रवासात खायला डबा दिला. मग आत जायची वेळ झाली आणि त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "जातो मी."

घरातून निघताना 'जातो' म्हटलं की बायको चिडायची. "जातो काय म्हणता, येतो म्हणावं," असं म्हणून त्याला उंबऱ्यातून परत बोलायला लावायची. आताही त्यानं जीभ चावली आणि तिच्याकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. तिनं काही दुरुस्त केलं नाही. त्याच्या शर्टाची कॉलर दुमडली होती ती सरळ केली आणि म्हणाली, "पोचलात की फोन करा."

विमानात शेजारच्या माणसानं कुठून आलात विचारलं, तेव्हा त्यानं दोन्ही गावांची नावं सांगितली.

घरी पोचून त्यानं बॅग खोलीत ठेवली, खिडक्या उघडल्या आणि फोन लावला. तिकडून पोरांचा कालवा ऐकू आला. ती कामावर होती. "पोचलात ना? बरं झालं. मी करते थोड्या वेळानं," ती घाईत म्हणाली.

"कर. मी आहे घरीच."

त्यानं घरभर साचलेल्या धुळीवरून फडकं फिरवलं. कपडे भिजत टाकले. भात लावला, आणि या वेळी ताट काढून बसला. तो क्लासही त्यानं सोडला नव्हता. मॅडमना निरोप द्यायचा होता की बुधवारपासून येईन. भात संपत आला तेव्हा फोन वाजला.

"जेवलात?"

"जेवतोय. तुझं सांग. आज काय झालं?"

असं त्यानं पूर्वी कधी विचारलं नव्हतं. ती सांगायला लागली. पाळणाघरात एका नव्या मुलानं दुसऱ्याला चावा घेतला होता. चावणाराच जास्त रडत होता. त्याची आई आली, तीही रडायला लागली. मग मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि हिला पाणी आणायला सांगितलं, आणि हिनं पाणी न आणता त्या चावणाऱ्या पोराला उचलून खिडकीशी नेलं.

त्यानं ताट बाजूला सारलं. हात वाळत होता, तरी तो उठला नाही.

"मग?" तो म्हणाला.